ओढीचं तेल

३ फेब्रुवारी, मंगळवार

घेतली एकदाची! पार्लरवालीनं बाटली हातात कोंबली आणि वर डोळा मारला. 'ओढीचं तेल' म्हणते ती त्याला. बाटलीवर 'फेरोमोन' असं छापलंय. जनावरं म्हणे वासावरून जोडीदार शोधतात, माणसातही तसलंच काहीतरी असतं, आपल्याला कळत नाही पण नाकाला कळतं. मी म्हटलं, अगं, माझं वय बघ! तर म्हणाली, "नाकाला वय दिसत नाही, ताई."

घरी येऊन हुंगलं. शी! दोन दिवस घातलेल्या बनियनचा वास. तसंच लावायचं नसतं, दुसऱ्या अत्तराखाली लपवायचं असतं.

चष्म्याच्या दुकानात लेन्सवाला येऊन गेला. दर मंगळवारी येतो, लेन्सची खोकी उतरवतो आणि काउंटरशेजारच्या स्टुलावर बसतो. चहा होईपर्यंत बसतो म्हणतो, आणि चहा संपला तरी बसलेला असतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्याची. आज त्याच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून दिला. बस्स, एवढंच! पण घरी येईपर्यंत हसू काही जाईना. दिवसभर लोकांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बसते मी — दांडी कानामागे बसते का, फ्रेम नाकावर रुतते का. इतक्या चेहऱ्यांजवळ जाते आणि जवळचं असं कुणी नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटली. बिनवासाचं तेल, त्यात ओढीच्या तेलाचे थेंब, वर चंदन आणि व्हॅनिला. पहिल्यांदा चंदन जास्त झालं — फर्निचरचं दुकान. मग व्हॅनिला जास्त — बेकरी! तिसऱ्या खेपेला जमलं. आता आठवडाभर कपाटात, अंधारात मुरू द्यायचं.

आई आतून ओरडली, "काय सांडलंस?" नाक अजून तिखट आहे तिचं. डोळे काचबिंदूनं नेले. मी चष्म्याच्या दुकानात आणि आईला दिसत नाही — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कानांनीही राजीनामा दिलाय. ओरडून बोललं तर कळतं, पण सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे सारखेच, म्हणते. घरी आले की "ठमे, इकडे ये" करून माझं डोकं खाली ओढते आणि टाळू हुंगते. मी तान्ही असल्यापासूनची सवय. आता या वयात मला कंटाळा येतो. केस विस्कटतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आठवडा भरायला एक दिवस बाकी होता, पण धीर कोण धरतो! मनगटं, गळा, कानामागं, आणि पार्लरवालीनं सांगितलं होतं म्हणून थोडं केसांतही. एक आजोबा वाचायचा चष्मा घ्यायला आले आणि दोन घेऊन गेले. मनात म्हटलं, लागू पडतंय की!

लेन्सवाला मात्र अर्धा चहा टाकून उठला. "जरा घाई आहे."

संध्याकाळी आईनं नेहमीसारखं डोकं ओढलं आणि लगेच सोडून दिलं. "कोण तू?" मी हसले. अगं, मी! ती म्हणाली, "ठमी यायचीय अजून. बसा तुम्ही."

बसा तुम्ही! मला!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

थट्टा नव्हती ती. तीन दिवस झाले, तेच. दाराकडे तोंड करून बसते आणि ठमीची वाट बघते. ठमी समोर उभी आहे. आज घास तोंडाशी नेला तर काठी हाणली. मनगटावर लाल वळ उठलाय. "माझ्या लेकीच्या घरात तू कोण गं?"

डॉक्टरांना घरी आणलं. नाडी बघितली, ओरडून दोन-चार प्रश्न विचारले. आज वार कोणता, ते बरोबर सांगितलं तिनं! तरी म्हणाले, विसर पडायला लागलाय, या वयात चालायचंच, कधी कधी जवळचं माणूसच आधी पुसलं जातं. फी घेऊन गेले. मी न्हाणीघरात जाऊन रडले. घरात मोठ्यानं रडलं तरी चाललं असतं, तिला कुठे ऐकू येतंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लेन्सवाला आज बसलाच नाही. खोकी दारातच ठेवली आणि दारातूनच गेला. स्टूल मी सकाळी पुसून ठेवलं होतं.

पार्लरवाली म्हणाली, "कमी पडतंय. आपल्या नाकाला सवय होते, मग आपल्याला वाटतं भरपूर आहे. वाढव." वाढवलं. ओढणीला, उशीच्या अभ्र्यालाही लावलं — अंगात मुरतं म्हणे. मला खरंच काही वास येईनासा झालाय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज आईनं शेजारणीला ओळखलं. मला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा-वहिनी गाडी घेऊन आले. दादानं वाकून डोकं पुढं केलं. आईनं हुंगलं आणि म्हणाली, "आलास रे?" एका क्षणात! वर्षातून दोनदा तोंड दाखवणारा दादा आठवतो, आणि रोज तिची वेणी घालणारी मी नाही! हो, हेवा वाटला. लिहिते सरळ.

मग आई त्याच्या कानात बोलली. तिचं कानात बोलणं म्हणजे गल्लीला ऐकू जातं. "या बाईला पगार किती देतोस? कामाला बरी आहे. पण ठमीला का बोलवत नाहीस? रुसलीय का माझ्यावर?"

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागली. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुलाच ओळखत नसेल तर इथं ठेवून काय उपयोग? दोघींचे हाल. वृद्धाश्रम चांगला आहे, मी बघून आलोय." मी भांडेन असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. पण तोंडातून निघालं — ने.

गाडीत बसताना आईनं माझा हात चाचपला. "येते हं बाई. ठमी आली की सांगा, मी कुठे आहे ते."

२३ फेब्रुवारी, सोमवार

घर खायला उठतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुकानातून परस्पर भेटायला गेले. तिथली नर्स म्हणाली, आजी शांत आहेत, सगळ्यांशी बोलतात. मी पलंगापाशी वाकले तर आईनं भिंतीकडे तोंड केलं. "तू इथंही आलीस होय!" नर्सनं विचारलं, तुम्ही नात्यातल्या का? मी म्हटलं, ओळखीची.

का म्हटलं तसं? माहीत नाही.

३ मार्च, मंगळवार

आज विचारलंच. भीड ही भिकेची बहीण! लेन्सवाला दारात उभा होता. म्हटलं, हल्ली बसत नाही तुम्ही, माझं काही चुकलं का? त्याचे कान लाल झाले. टोपी काढली, परत घातली.

"रागावू नका. अत्तरानं डोकं उठतं माझं. घरी जाऊन अंधारात पडून राहावं लागतं."

मी हातातली फ्रेम पुसायला लागले.

"आधी तुम्ही असलं काही लावत नव्हता. म्हणून तर बसायचो. तुमच्याजवळ... कसं सांगू... धुतलेल्या कपड्यांसारखं वाटायचं."

आणि गेला! मी फ्रेम पुसत राहिले. एकच फ्रेम. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याच्या त्या शेवटच्या वाक्याचा विचार करायला आत्ता जागा नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!

बाटली मोरीत ओतली. अभ्रे, ओढण्या, सगळं गरम पाण्यात घातलं. केस दोनदा धुतले.

४ मार्च, बुधवार

जात नाही! केस वाळले की परत येतो. चंदनाखालून ती बनियन. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला माझा वास आला. कोण ही बाई, असं वाटलं.

आणि हे वाक्य लिहून हात थांबला.

मी पानं उलटी चाळली. दहा तारीख. दहा तारखेच्या आधी 'कोण तू' एकदाही नाही. एकदाही! दादाला ओळखलं ते वाकल्यावर. शेजारणीला ओळखलं ती जवळ बसल्यावर. तिला विसर पडलेला नाही. मीच घरी येत नव्हते.

६ मार्च, शुक्रवार

रजा टाकलीय. आईचा जुना गाऊन घालून बसलेय, त्याला ते तेल लागलेलं नाही. साबणही बिनवासाचा आणला. पार्लरवाली विचारायला आली, लागू पडलं का? मी म्हटलं, फार.

८ मार्च, रविवार

वृद्धाश्रमात पलंगापाशी वाकले, आणि काही बोलायच्या आत आईनं डोकं खाली ओढलं. हुंगलं. परत हुंगलं. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, मान अवघडेपर्यंत.

"ठमे! कुठे होतीस गं इतके दिवस?"

तीच बोलत राहिली. "तू नव्हतीस तेव्हा एक बाई होती घरात. फार छळलं गं मी तिला. काठीनं मारलं. तरी भरवायची बिचारी. माझं तोंड पुसायची तेव्हा हात ओला असायचा तिचा. तिला कुणी नसावं जवळचं. भेटली तर सांग, तिच्यावर राग नव्हता माझा. मला फक्त तू हवी होतीस."

"सांगते," मी ओरडून म्हटलं. आणि तिची पिशवी भरायला घेतली.