सरोवराचा गाळ आणि आईची खाट

लेह, ५ जून

चि. साईनाथ यास ताईचे आशीर्वाद.

मी ठीक आहे. चढावर जरा धाप लागते, ते आईला सांगू नकोस. तुझ्या रुचिताची पाठदुखी कशी आहे?

इथे आम्ही सरोवराच्या तळाचा गाळ नळीने काढतो आणि त्याच्या थरांवरून जुनं हवामान ओळखतो. "हवामान पूर्वीही बदलायचंच ताई, तुझाच गाळ सांगतो," असं तू फोनवर ऐकवलंस. खरं आहे. पण तेव्हा पृथ्वीच्या आसाचा कल हळूहळू बदलायचा, त्याला हजारो वर्षं लागायची. आताचा बदल आपल्या धुराने एका आयुष्यात घडवला. माझ्या वर्गात असं अर्धं उत्तर लिहिलं असतंस, तर नापास केलं असतं.

यंदा उल्हास नदीचं पाणी शहाडला आपल्या घरात शिरेल का, हे मला सांगता येणार नाही. पण पाऊस आता एकदम कोसळतो. म्हणून आईची खाट याच आठवड्यात माडीवर हलव.

"वर बसून मी बोलू कोणाशी?" म्हणून ती चिडेल. खुशाल माझं नाव सांग. तिची बोलणी मी आल्यावर खाईन. ती खायला मला आई हवी आहे.

तुझी,
हेमाताई