हुक खाली आलाय

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी नकार दिल्यामुळे कागदावरच). तुझा दमा आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे.

गेल्या आठवड्यात मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात विभागप्रमुख म्हणाले, सरांनी गुंतागुंतीच्या पदार्थांना आयुष्य वाहिलं. म्हणजे धड घन नाही, धड द्रव नाही, असले पदार्थ. आपल्या मामांसारखे, आज ढकललं तर पुढच्या आठवड्यात हलणारे. माझी ती रबरी पट्टी तुला आठवत असेल. प्रयोगशाळेच्या भिंतीवर हुकाला टांगलेली, खाली वजन, शेजारी मोजपट्टी. एकोणीस वर्षं ती केसाकेसाने लांबत होती आणि तिच्या जिवावर मी नऊ शोधनिबंध लिहिले. मी परिषदांना गेलो की सोमवारची नोंद घ्यायला तुझी भावजय जायची.

खोली रिकामी करायला सुतार आला. त्याने एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि म्हणाला, "साहेब, पट्टी आहे तेवढीच आहे. हुक खाली आलाय." खरंच होतं. पहिल्या वर्षानंतर पट्टी लांबलीच नव्हती. भिंतीतला हुक झुकत होता. मी कायम खालचं टोक मोजलं, वरचं कधीच नाही. (या चुकीसाठी मी पोरांना बिनदिक्कत नापास केलंय.) निबंध मागे घेत असल्याची पत्रं पाठवली. नाक कापलं गेलं, पण या वयात नाकाचं काय घेऊन बसायचं!

हसू नकोस, खरं पुढेच आहे. त्याच दिवशी, सुतार खोलीत असतानाच, मी नोंदवही काढली होती. अकरा वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी, शेऱ्याच्या रकान्यात तिचं अक्षर: 'हुक खाली येतोय असं वाटतं. बघाल का?' चार महिन्यांनी: 'बघितलंत का?' त्यानंतर नुसते आकडे. ताई, मी त्या वहीतून फक्त आकडेच उतरवून घेत आलो. तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तिचा प्रश्न मला आत्ता मिळाला. वही मांडीवर घेऊन फार रडलो. सुतार बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला.

बाकी सर्व क्षेम. माझी काळजी करू नये.

तुझा,
प्राध्यापक (माजी)

ता.क. ती तुला दर महिन्याला पत्र लिहायची आणि मी 'नणंद-भावजयीचं गुऱ्हाळ' म्हणून हसायचो. ती पत्रं जपली असशील तर मला हवीत. माझ्याविषयी तक्रारी असतील, तर त्या आधी.

आणखी ता.क. पोस्टाने नको, मीच येतो. तू वाच, मी ऐकतो. माझ्या हातात दिलीस तर मी तारखाच तेवढ्या बघेन.