शुक्रावरचं पाणी

सर, तुम्ही शुक्र शिकवलात त्या वर्षी लातूर जिल्हा नवा झाला होता. पाटी नवी, कचेरी नवी, पाणी तेवढं जुनंच, म्हणजे नव्हतंच. रेणापूरच्या शाळेत तुम्ही सांगत होता, शुक्रावरही कधीकाळी समुद्र असावेत. उन्हानं वाफ झाली, वाफेनं ऊब धरून ठेवली, उबेनं आणखी वाफ. मग वर गेलेल्या वाफेचेही उन्हानं तुकडे केले आणि त्यातला हलका वायू ग्रहच सोडून गेला. "गेलं ते गेलं. परत यायला वाट नाही." मी उठून विचारलं, "सर, तिथं टँकर येत न्हाई का?" वर्गाबरोबर तुम्हीही हसलात.

त्याच आठवड्यात गावानं महादेव बुडवायचं ठरवलं. गाभाऱ्याचा उंबरा चिखलानं लिंपायचा, पिंड बुडेस्तोवर पाणी ओतायचं. देव गुदमरला की पाऊस पाडतो. पाणी अर्थात गावात उरलेल्या एकुलत्या एका विहिरीचं. तुम्ही काठावर आडवे उभे आहात, हातात छत्री, तीही उन्हाची. "हे लेकरांच्या पिण्याचं आहे हो." कुणीतरी म्हणतं, "मास्तर, लई शिकलाव तुमी. सरका बाजूला." आणि गर्दीतून मी, हुबेहूब तुमच्या आवाजात, "गेलं ते गेलं! परत यायला वाट नाही!" डोक्यावर घागरी घेतलेल्या बायासुद्धा हसल्या. तुम्ही सरकलात. पिंड बुडाली, विहिरीचा तळ दिसला, आभाळ ढिम्म. दुसऱ्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणालात, "तुला हसवता येतं रे. कधी थांबवताही आलं पाहिजे."

आता हसवण्यावरच माझं पोट आहे. परवा लेकीनं विचारलं, "पप्पा, आपली पृथ्वीपण शुक्र व्हायलीय का?" म्हटलं, त्याला कोट्यवधी वर्षं लागतील, बाळा, विहीर आटायला मात्र शुक्र लागत नाही. ती म्हणाली, "मग आपल्याला किती?"

आज सकाळी कॉलनीची बैठक झाली. पलीकडच्यांनी खोल बोअर घेतलं म्हणून आमचं आटलं, म्हणून आता आम्ही त्याहून खोल. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकू म्हणाल्या, "तुमच्यापायी माझा हापसा जाईल की हो." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "काकू, पाताळातून तक्रार आली की थांबू." बैठक हसत हसत उठली. काकू तेवढ्या बसून होत्या.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, बरंच आहे. बोअरचं मशीन उद्या येतंय, सर. अर्जावर पहिली सही माझी आहे. लेकीला अजून सांगितलेलं नाही.