राजानं लेकीकडे पाठ फिरवली नाही, त्याची हकिकत

सोलापूर

आदरणीय नागूअक्कास,

संघपालचा सविनय जय भीम. दाजींचा खोकला आता हटला असेल. (नसेल तर त्यांना आधी बिडी सोडायला सांग, औषधं बदलून काय होणार!) आम्ही इकडे खुशाल आहोत, फक्त जयंतीच्या नाटकात तुझ्या भावाची शोभा झाली. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच लिहितो.

वस्तीतल्या मंडळींनी यंदा एक जुनं शोकांत नाटक घेतलं. बसवलं माझ्या धम्मप्रियानं, राजकन्याही तीच. आणि राजा कोण, तर मी! कारण एवढंच, की स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करून करून माझा आवाज मोठा झालाय. अडचण अशी, की तालमीत सैन्याचा पराभवसुद्धा मी मंगळवेढ्याची गाडी उशिरा येणार असल्यासारखा जाहीर करायचो.

नाटकात दोन बाप आहेत. राजा लेकीला गडाबाहेर पाऊल टाकू देत नाही, आणि ती निघतेच तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवतो. सेनापती पोराला वाजतगाजत लढाईवर धाडतो. शेवटी दोन्ही मुलं मरतात, बाप तेवढे उरतात. मी म्हटलं, बाप म्हणून सेनापती बरा. तर धम्मप्रिया म्हणाली, "पप्पा, दोघं सारखेच की. पोरांना काय पायजे ते एकानंबी विचारलं न्हाय." हे ती नाटकाबद्दल बोलत होती. (नव्हती. तुला ठाऊकच आहे, पुण्याला नाट्यशास्त्र शिकायला मी तिला साफ नाही म्हटलं होतं, आणि तेव्हापासून आमचं बोलणं तालमीपुरतंच उरलं होतं.)

प्रयोगाला मांडव तुडुंब. निरोपाचा प्रवेश आला. ती गाठोडं घेऊन उभी, आणि मी पाठ फिरवायची. पण पाठ फिरेना. तोंडातून थेट स्टँडवरच्या आवाजात निघालं, "जा. सामान सांभाळ. पोचल्यावर फोन कर." मांडवात हा हशा! सेनापती झालेला महेश्वर सावरायला धावला, "महाराज, आपल्या राज्यात फोन न्हाय!" त्यानं तर लोक खुर्च्यांवरून पडायचेच राहिले. आणि ही पोरगी, जिनं मागं वळूनही बघायचं नव्हतं, ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "करते, पप्पा." अक्का, मुकुट घालून मी ढसाढसा रडलो. लोकांना तो अभिनय वाटला. पुढच्या अंकात तिनं मरायचं होतं, तर प्रेक्षकांनी आरडाओरडा करून तिला मरूच दिलं नाही, आणि शोकांत नाटक तिथंच आटोपलं.

घरी आल्यावर मी मुकुट उतरवला आणि आम्ही जेवायला बसलो. नाटक ते नाटक. तेव्हा मी विरघळलो असा अर्थ कुणी काढू नये, दाजींनी तर मुळीच नाही.

तुझा धाकटा भाऊ,
संघपाल

ता.क. धम्मप्रिया गुरुवारी पुण्याला निघते आहे. बॅग मीच आणून दिली. (जुनीची चेन तुटली होती, दुसरं काही कारण नाही.)

ता.क. २ तिला एकटीनंच जायचंय, सोडायला कुणी नको म्हणते. म्हणून मी त्याच गाडीचं तुमच्या जेऊरपर्यंतचं तिकीट काढलंय, आणि तुझी तब्येत फार बिघडल्याचं घरात सांगून ठेवलंय. तेव्हा कृपा करून बुधवारपासून अंथरूण धर, आणि कुणी चौकशी केली तर जरा कण्ह.