मुळासकट

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी मी छाटणीची कात्री घेतली आणि एका रोपाचं मूळ कापलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. बोटांचा कडवट वास साबणानंही जात नाही.

वाळवलेली रोपं कागदावर टाचून त्यांची नावं लावायची, हे संग्रहालयातलं माझं काम तुला ठाऊक आहे. हे रोप उघड्या, कोरड्या टेकडीवरून मीच खणून आणलं. निळी फुलं, पानांवर पांढरी लव. तशीच फुलं एका तणालाही येतात, पण ते वर्षभरात मरतं आणि त्याचं मूळ दोऱ्याएवढं असतं. याचं मूळ अंगठ्याएवढं जाड, माथ्यावर जुन्या देठांचे खुंट. म्हणजे हे वर्षानुवर्षं जगणारं, दुर्मिळ. तशी नोंद झाली तर टेकडीवर दगडाची खाण होणार नाही.

साहेब हसून म्हणाले, मूळ कागदावर मावत नाही, कापा आणि तण म्हणून लिहा. मी लिहिलं. सही तेवढी पेन्सिलीनं केली. ताई, स्वतःचीच शिसारी येते.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. मुंगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मलाही शिसारी आली. साहेब बरबटलेले असतील, पण कात्री तुझ्या हातात होती. रोज देवापुढे बसतोस, हल्ली काय पुटपुटतोस? आणि पेन्सिलीची सही म्हणजे एक पाय आत, एक बाहेर. तुझे दाजी म्हणतात, नोकरी सांभाळावी, गप्प बसावं. त्यांचं खुशाल ऐक, पण मग मला टेकड्यांची वर्णनं लिहू नकोस.

तू तुटकी बटणंसुद्धा डबीत जपणारा. ते मूळ तू फेकलंस यावर माझा विश्वास नाही.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मूळ माझ्या टेबलाच्या खणातच होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. तू मला इतकं ओळखतेस याचा कधी कधी रागच येतो. डोळे मिटले की कात्री दिसायची, हात जोडायची लाज वाटायची.

काल साहेबांना सांगितलं, एका कागदावर मावत नसेल तर दोन करतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्या जवळ आलेल्या निवृत्तीची आठवण करून दिली. तो घामट हात झटकून टाकावासा वाटला. पण या वेळची किळस निदान स्वतःची नव्हती.

मग दुसऱ्या कागदावर मूळ टाचलं, दोन्हींवर एकच क्रमांक घातला, तणाचं नाव खोडून खरं लिहिलं. नोंदीची नक्कल आज टपालानं खाणीच्या पाहणी समितीकडे गेली.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तो राहू दे. सही शाईनं केली आहे.

तुझा मुंगळा