‘शेवटचा थांबा’ नक्की कोणाचा माणूस?

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढेमागे प्रकरण चिघळलं तर हाताशी नोंदी असाव्यात.

काल फोरमवर ‘राखेचं राज्य’ या गेमच्या पाचव्या भागावर पोस्ट टाकली. मथळा: ‘एका गेमचा खून’. पहिला भाग आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या गेममध्ये जीव होता. आता नुसता झगमगाट. पाचवा भाग थोडासा खेळून बंद केला. शितावरून भाताची परीक्षा.

लाइक एक. माझ्या पोस्टला नेहमी एकच असतो. कोणाचा ते फोरमवर दिसत नाही, पण माणूस दर्दी असणार. कमी बोलणारा, नेमकं ओळखणारा. मला गर्दी नकोच आहे.

खाली मात्र एका अनोळखी मेंबरची कॉमेंट. नाव ‘शेवटचा थांबा’. विचारतो, साहेब, गेममध्ये घोडागाडी हाकताना वाटेवर उभ्या असलेल्या माणसांना आत घेता येतं का. मी लिहिलं, ती मालाची गाडी आहे. तो म्हणतो, बरं साहेब, पण बिचारी ताटकळत उभी असतात हो. आणि जेवलात का?

इतका भोळा माणूस इंटरनेटवर नसतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ मार्च
ताईचा फोन. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे आहेत. ताई म्हणते, तिथे त्यांच्याशी कोणी बोलत नाही, महिनाअखेरीला मी त्यांना कायमचं घेऊन जाते. बाबांनी म्हणे ‘बघू’ म्हटलंय. मी ठणकावून सांगितलं, बाबा कुठेही जाणार नाहीत. जन्मभर बस चालवली, प्रवाशांची किटकिट ऐकली, आता त्यांना शांतता हवी आहे. ती मी देतो.

बायको ऐकत होती. तिने विचारलं, बाबांशी शेवटचं कधी बोललास. म्हटलं, कालच. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणालो. ती लॅबला निघून गेली. रोज सकाळी लोकांना सुया टोचणाऱ्या बाईकडून आणखी काय अपेक्षा करायची.

संकल्प: बाबांशी रोज अर्धा तास गप्पा. रविवारपासून.

८ मार्च, रविवार
गप्पा राहिल्या. ‘शेवटचा थांबा’ने सकाळपासून प्रश्नांचा सपाटा लावला. घोड्याला ब्रेक कुठे असतो. चौकात थांबलं नाही तर दंड होतो का. एकेकाचा समाचार घेण्यात दुपार गेली. बाबा दोनदा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

आता माझा तर्क लिहून ठेवतो. हा कंपनीने पेरलेला माणूस आहे. माझ्यासारख्या टीकाकारांना गोड बोलून गार करायचं, हे त्याचं काम. मला कळतं, कारण मी वॉशिंग मशीनच्या तक्रार विभागात नोकरी करतो. ‘आम्ही आपली गैरसोय समजू शकतो’ हे वाक्य मी दिवसभर लिहीत असतो. आजवर एकाचीही गैरसोय मला समजलेली नाही. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

आणि नाव बघा. ‘शेवटचा थांबा’. सरळ धमकी आहे.

११ मार्च, ऑफिसात, जेवणाची सुट्टी
प्रकरण गंभीर. काल घरी बसून चौथ्या आणि पाचव्या भागाची तुलना टाकली. त्याची कॉमेंट: साहेब, खोकला फार झालाय, गरम पाण्याच्या गुळण्या करा.

मी खोकल्याबद्दल फोरमवर अवाक्षर लिहिलेलं नाही.

म्हणजे मायक्रोफोन. घरी गेल्यावर लॅपटॉपच्या माइकला आणि कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावायची.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लावली. बायकोने विचारलं तेव्हा माझ्यावर पाळत आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तुझ्याकडे दिवसभर लक्ष द्यायला तयार असलेला माणूस सापडला तर मी त्याचा सत्कार करीन.

गुळण्यांनी घशाला आराम पडला. ते वेगळं.

१४ मार्च
बाबांची लक्षणं ठीक नाहीत. सारखा फोन हातात. मी खोलीत गेलो की फोन उशीखाली. चार्जर कायम त्यांच्याकडे. आज दाराबाहेरून ऐकलं, एकटेच पुटपुटत होते: चला, पुढे सरका, पुढे सरका.

हल्ली म्हाताऱ्या माणसांना फोनवरून गंडवणाऱ्या टोळ्या असतात. विचारलं, कोणाशी बोलत होता. म्हणाले, कोणाशी नाही रे, बस ना, तू बोल. मला फोरमवर उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, नंतर.

संकल्प: बाबांच्या फोनवर नजर ठेवणे.

१७ मार्च
‘शेवटचा थांबा’ने कबूल केलं की तो गेम मोबाइलवर खेळतो. मोबाइलवर! असल्या लोकांनीच गेमिंगचं वाटोळं केलं. तसं लिहिलंही.

त्याला काही लागत नाही. उलट विचारतो, साहेब, आता एवढा राग येतो, तर पूर्वी या गेममधलं काय आवडायचं?

हा सापळा होता. कळत असून मी त्यात पाय दिला. लिहीत सुटलो. पहिल्या भागात गावाबाहेर एक टेकडी होती. तिच्यावर ना खजिना, ना राक्षस. नुसतं वर जाऊन बसायचं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी नापास झालो तेव्हा मी रोज तिथे जाऊन बसायचो. घरी निकाल सांगितलाच नव्हता.

त्याचं उत्तर बऱ्याच वेळाने आलं. म्हणाला, सांगायचं होतंत साहेब. कोणी रागावलं नसतं.

याला काय माहीत आमच्या घरचं?

त्या पोस्टलाही लाइक एक. माझा दर्दी जागा आहे.

१९ मार्च
आता बस्स. फोरमच्या अ‍ॅडमिनकडे रीतसर तक्रार केली. पुराव्यादाखल सगळे स्क्रीनशॉट जोडले. मागणी: या माणसामागे कोण आहे ते शोधा आणि त्याला हाकला. तक्रार कशी लिहावी हे मला कोणी शिकवायला नको.

ताईचा पुन्हा फोन. म्हटलं, बाबा मजेत आहेत. आवाज येत होता, आतल्या खोलीत हसत होते.

२३ मार्च
अ‍ॅडमिनचं उत्तर. जसंच्या तसं उतरवतो: ‘तपासाअंती आढळले की आपले खाते व सदर खाते एकाच इंटरनेट कनेक्शनवरून चालते. स्वतःच्या पोस्टना लाइक देण्यासाठी बनावट खाते उघडणे नियमबाह्य आहे. ते खाते, त्याच्या कॉमेंट व लाइक काढून टाकले आहेत. आपणांस ताकीद देण्यात येत आहे.’

बनावट! मी! चोराच्या उलट्या बोंबा, ती ही तऱ्हा.

प्रोफाइल उघडलं. सगळ्या पोस्टना लाइक शून्य. पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणजे दर्दी... छे. अ‍ॅडमिनलाही कंपनीने विकत घेतलेलं दिसतंय.

कनेक्शनचं मात्र उमगलं. वरच्या मजल्यावरचा ड्रायक्लीनर आमचं वायफाय चोरतो. कंपनीचा माणूस तोच. तरीच जिन्यात भेटला की हसतो. पासवर्ड बदलला. आता बघू कोण तडफडतो ते.

२४ मार्च, सकाळ
बाबा फोन घेऊन आले. म्हणाले, नेट चालत नाही, नवा पासवर्ड दे. दिला.

मग म्हणाले, आणखी एक विचारू का. खातं बंद झालं असं दाखवतंय, माझ्याकडून काय चुकलं असेल?

फोन हातात घेतला. वर नाव होतं, ‘शेवटचा थांबा’.

त्याच दिवशी, ऑफिसला गेलो नाही
बाबांनी सगळं सांगितलं, अगदी सहज. मी दिवसभर तिथे लिहीत असतो हे त्यांना बायकोकडून कळलं. मी काय लिहितो ते वाचावं म्हणून खातं काढलं. वाचून कळेना, म्हणून गेम घेतला. गाडी हाकायला आवडली. आवडलं की अंगठा दाबायचा, एवढं त्यांना येत होतं. माझं सगळंच त्यांना आवडायचं.

मी विचारलं, मी इतकं टाकून बोलत होतो, मग गप्प का राहिलात. ते म्हणाले, घरात तू ‘नंतर’ म्हणतोस. तिथे शिव्या का होईना, पण उत्तर देत होतास.

खातं कोणाच्या तक्रारीमुळे बंद झालं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

२६ मार्च
अ‍ॅडमिनला कळवलं: ते खरे आहेत, माझे वडील आहेत, खातं परत द्या. उत्तर आलं: ‘आम्ही आपली गैरसोय समजू शकतो.’

बाबांना म्हटलं, नवीन खातं काढू. रविवारपासून दोघं मिळून खेळू. ते म्हणाले, अरे, ताईने तिकीट काढलंय. मी परवाच तिला हो म्हणालो. इथे तूही कामात, आणि आता त्या फोरमवरही काही उरलं नाही.

३१ मार्च
बाबांना बसवून दिलं. ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांनी मागून घेतली. खिडकीतून म्हणाले, खोकल्याकडे लक्ष दे. बस वळेपर्यंत मी उभा होतो.

ड्रायक्लीनर जिन्यात भेटला, हसला. त्याच्यावरचा संशय तूर्त मागे घेतला आहे.

२ एप्रिल, सकाळ
पोस्ट टाकली. ‘आजच्या गेममध्ये माणूस उरलेला नाही.’ लाइक शून्य. पान पुन्हा उघडून पाहिलं. शून्य.

ताईला फोन करून बाबांना द्यायला सांगितलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सुचेना, तेव्हा विचारलं, जेवलात का. सकाळचे आठ वाजले होते.

ते म्हणाले, जेवलो, साहेब.