ताईची अर्धशिशी फॉर्मवर का नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (कंबर वाकते तेवढा वाकून). इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे आजारी आहेत आणि त्यावर खूश आहेत. तुझ्या अर्धशिशीची चौकशी मुद्दामच करत नाही, कारण रविवारी त्यावरूनच तू फोन आपटलास. आपल्या दादाच्या टिल्लीच्या शिबिराच्या फॉर्मवर शेजारच्या काकूंचे पित्ताशयातले खडे आहेत आणि सख्ख्या आत्याची वीस वर्षांची अर्धशिशी नाही, हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. पण आधी सगळं ऐकून घे, मग काय द्यायच्या त्या शिव्या दे.

टिल्लीची शाळा नववीच्या मुलांना आठ दिवस डोंगरावर नेते आहे. तंबूत राहायचं, दोरावरून ओढा ओलांडायचा. पोरगी महिनाभर दप्तरात विटा भरून जिना चढउतार करते आहे. जाण्याआधी चार पानी आरोग्याचा फॉर्म भरून डॉक्टरांची तपासणी करून घ्यायची. शनिवारी बारापर्यंत तो पूर्ण करून दिला नाही तर नाव कापणार. मी पाट्या रंगवतो, म्हणून अक्षराच्या नावाखाली फॉर्म माझ्या गळ्यात पडला. पहिली दोन पानं सुरळीत गेली (गोवर: नाही, दमा: नाही, झोपेत चालणं: नाही; झोपेत भांडणं त्यांनी विचारलं नव्हतं). तिसऱ्या पानावर 'घरातील मोठ्यांचे आजार' म्हणून दोन ओळी होत्या, तिथे घात झाला. दादाने मधुमेह सांगितला. वहिनी म्हणाली, माझं थायरॉईड आधी लिहा. दादाला ते लागलं, मग त्याने 'बायपास होता होता राहिली' हेही घालायला लावलं. बाबांचा हर्निया तुला माहीतच आहे. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी त्याचं केलेलं कौतुकसुद्धा लिही म्हणून हटून बसले. आई म्हणाली, माझं मेलीचं काय लिहायचंय, आणि गुडघ्यापासून सुरुवात करून दीड तासाने मानेपर्यंत पोचली. काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि खडे देऊन गेल्या. अशा तीन पुरवण्या जोडल्या. शेवटी मी माझी कंबर लिहिली, जरा ठळक (पाटीची सवय, रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे). टिल्ली शेजारी बसून शहाण्यासारखी कागद पुरवत होती.

काल शाळेच्या हॉलमध्ये तपासणी झाली. पडदा म्हणून चादर बांधलेली, बाकांवर ओळीने पोरं, आणि मी पुरवण्या घेऊन उभा. वजन, उंची, दात, सगळं ठणठणीत; डोळ्यांच्या तक्त्यावर तर टिल्लीने सगळ्यात खालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. मग डॉक्टरबाईंनी पुरवण्या हातात घेतल्या. दुसरीला चष्मा काढला, तिसरीला पाणी मागवलं. म्हणाल्या, "पोरीला काही झालेलं नाही. हिला आठ नाही, पंधरा दिवस न्या." मला वाटलं, सुटलो! पण त्यांनी चौथं पान उलटलं. अडीअडचणीला बोलवायच्या माणसाचं नाव तिथे हवं होतं, आणि माणूस धडधाकट हवा, बस थांबते तिथून दोन तास चढून येईल असा. बाईंनी लाल पेनने दादा, वहिनी, आई, बाबा एकेक करून खोडले. काकूंना तर मी नाव घ्यायच्या आतच खोडलं. मी पुढे झालो, पण माझी कंबर त्यांनी आधीच टेबलापलीकडून वाचली होती. टिल्लीचे सहा महिने डोळे लागले होते त्या डोंगराकडे, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिची वाट अडवून ठेवली होती गं.

तर ताई, तुझी अर्धशिशी राहिली ती निव्वळ कागद संपला म्हणून. त्यात अपमान वगैरे काही नाही. राग सोड आणि फोन उचलत जा. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. चौथं पान सोबत पाठवतो आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि शनिवारच्या आत पोचेल असं परत पाठव. डोंगर तुमच्याच बाजूला आहे. 'आजार: काही नाही' असं मी आधीच सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, तिथे खाडाखोड नको. घरात धडधाकट कुणीच नाही का, असं बाईंनी विचारलं तेव्हा टिल्ली म्हणाली, "आत्या आहे. तिला फक्त राग येतो." बाई म्हणाल्या, चढावर उपयोगी पडेल.

ता. क. २ कागद संपला नव्हता. अर्धं पान कोरं होतं. तुझं नाव लिहायला घेतलं तर टिल्लीने माझं पेनच धरलं. कार्टीने चौथं पान आधीच वाचून ठेवलं होतं. म्हणाली, "काका, आत्याचं नको. मी सायकलवरून पडले होते ना, तेव्हा तुम्ही सगळे आपापली दुखणी सांगत बसला होतात. आत्या डोक्याला फडकं बांधून पहिल्या गाडीने आली, आणि डोकं दुखतंय हे तिने परत जाताना सांगितलं. मला काही झालं तर तीच हवी."

ता. क. ३ खरं सांगतो, ऐकून लाज वाटली. तेव्हापासून मी कंबरेचं नाव काढलेलं नाही, या पत्रातले उल्लेख सोडले तर. (दुखते आहे.)